नवमीचे डोकरा-डोकरी

गुलबास दुपारी चारला उमलते. त्यासाठी घड्याळ बघावं लागत नाही. इंदूरला सुदामा नगरच्या आमच्या घरामागे नळाजवळ तिचं झुडूप आहे. ते कुणी लावलेलं नाही, कुणी पाणीही घालत नाही. भाद्रपदाची पौर्णिमा आली की ते इतकं माजतं की सून म्हणते, आई, हे काढून टाकू का, स्कूटी लावायला जागा होईल. मी म्हणते, सोळा दिवस थांब. सोळा दिवसांनी ती विसरते. गेल्या वर्षीपर्यंत दर वर्षी असंच चाललं आणि झुडूप वाचलं.

हे सोळा दिवस श्राद्धाचे. या दिवसांत लोक नवं कापड घेत नाहीत, लग्न ठरवत नाहीत. पण माळव्यात याच दिवसांत मुली संजा घालतात. महाराष्ट्रात वाचणाऱ्यांना संजा माहीत नसेल तर ती भोंडल्याची इकडची बहीण समजा. भिंतीवर शेणानं चित्र काढायचं, त्यावर गुलबास, तगर, कण्हेरीची फुलं चिकटवायची, आरती करायची, गाणी म्हणायची. रोजचं चित्र ठरलेलं. सातमला सातिया म्हणजे आपलं स्वस्तिक, आठमला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा आणि म्हातारी. असं करत अमावस्येला मोठा किलाकोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं चित्र खरवडायचं, टोपलीत टाकायचं आणि त्याच जागी नवं घालायचं. शेवटी टोपली पाण्यात सोडायची. यातलं काहीही ठेवायचं नसतं.

आम्ही मराठी. आमचे कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. राजवाड्यामागच्या आमच्या बोळात शेजारपाजार सगळा माळवी, म्हणून आम्ही पोरी श्राद्धात संजा घालायचो आणि नवरात्रात भोंडलाही खेळायचो. भक्ती कमी होती, खाऊ दोन्हीकडचा मिळायचा. दोन्ही ठिकाणी खाऊ झाकलेल्या डब्यात आणायची रीत होती आणि डबा न उघडता बाकीच्यांनी तो ओळखायचा. मी डबा कानाशी धरून हलवायची. चणे कडक वाजतात. शेंगदाणे बद्द वाजतात. मुरमुरे वाजत नाहीत, कुजबुजतात. बर्फी फक्त सरकते. मी क्वचितच हरले.

पुढे सगळं आयुष्य डब्यांतच गेलं. जुईचे आजोबा, म्हणजे माझे यजमान, मिठाईवाल्यांसाठी पुठ्ठ्याचे डबे करायचे. जुई माझी नात. त्यांनी कापायचं, मी चिकटवायचं. सासऱ्यांना हा धंदा कमीपणाचा वाटे, कारण घराणं तलवारीचं. तलवार कुठे होती ते मला कुणी दाखवलं नाही, मिशा मात्र होत्या. श्राद्धपक्षात आम्हाला मान वर करायला वेळ नसे. दिवाळीचे डबे याच दिवसांत व्हायचे. घरभर मैद्याच्या खळीचा आंबूस वास, त्यात कीड लागू नये म्हणून घातलेला मोरचूद, आणि जिन्यावर छतापर्यंत उभे डबे. यजमान गुन्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून माझा प्रत्येक कोपरा तपासायचे. वाकडा निघाला तर बोलायचे नाहीत, डबा माझ्यासमोर ठेवून निघून जायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. चाळीस वर्षं आम्ही एका खोलीत समोरासमोर बसलो, आणि आमच्यामध्ये कायम पुठ्ठ्याची थप्पी.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची तिथी दशमी.

आता गेल्या वर्षीचं सांगते. ते सांगायलाच बसले आहे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जुई पुण्याहून आली. एक बॅग, एक लॅपटॉप, आणि तोंड असं की सुनेनं विचारलं, आजारी आहेस का. ती म्हणाली, नाही, सुट्टी आहे. रात्री जेवणानंतर माझ्या पलंगावर येऊन बसली आणि खरं सांगितलं. तिनं पुण्याची नोकरी सोडली होती. एका गाणारीचा नवा आल्बम येणार होता, त्याच्या डब्याचं आणि वरच्या चित्राचं काम तिला मिळालं होतं, त्या एका कामाच्या भरवशावर. आईबापांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण मी रडत नाही आणि दुसऱ्याला रडू देत नाही.

ती गाणारी मूळची इंदूरचीच. तिचं नाव आता पोस्टरवर असतं, ते इथे नको. घरी तिला पिंकी म्हणतात, मीही पिंकीच म्हणते. जुईनं मला तिची गाणी ऐकवली. मला ती चालता चालता कुणीतरी बोलावं तशी वाटली. दहा गाणी, सगळी अठराव्या वर्षी सोडलेल्या घराबद्दल. ते घर नंतर विकलं गेलं.

मी विचारलं, गाणी फोनवर मिळतात तर डब्यात काय देणार?

"तेच तर आहे ना आजी. लोकांना हातात धरायला काहीतरी हवंय. तीनशेच डबे करायचेत, ज्यांना तिचं वेड आहे त्यांच्यासाठी. आत तबकडी, गाण्यांची पुस्तिका. आणि वर जे असेल ते सगळीकडे दिसणार, फोनवर पण तेच."

"मग कर की."

"सहा केले. सहाच्या सहा परत. ती म्हणते, अच्छा है, पर मेरा नहीं है।"

अमावस्येपर्यंत सातवं पसंत पडलं नाही तर काम गाणी काढणाऱ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला जाणार होतं. जुईनं मला सहाही दाखवले. सगळ्यांवर पिंकीचा चेहरा. एकात निळा, एकात अर्धा, एकात डोळे मिटलेला. मी म्हटलं, मिठाईच्या डब्यावर हलवायाचा फोटो कोण लावतं? तिला राग आला. भिंतीकडे तोंड करून माझ्याच पलंगावर झोपली. लहानपणीही अशीच झोपायची, माझी उशी ओढून घेऊन.

सकाळी मी तिला डबा हलवून खाऊ ओळखायचं सांगितलं. सहज, भाजी निवडताना. ती देठ तोडायची थांबली. म्हणाली, म्हणजे आत काय आहे ते वर लिहायचंच नाही? मी म्हटलं, लिहिलं तर खेळायचं काय. मग तिनं संजाबद्दल विचारलं, कारण तिनं कधी घातलीच नव्हती. ती वाढली तोवर आमच्या भिंतींना धुता येणारा रंग आला होता आणि सून त्याला हात लावू देत नसे.

मी घालून दाखवते म्हटलं. भिंतीवर नाही, पुठ्ठ्यावर. पुठ्ठा माझ्या पलंगाखाली अजूनही असतो, राखाडी, जाड, जुन्या सवयीचा. फुलं घरामागे होती. अडलं शेणावर. आमचं इंदूर इतकं स्वच्छ झालंय की शेण मिळेना.

मग षष्ठीला आम्ही दोघी बसनं सांवेरला गेलो. तिथे माझ्या धाकट्या बहिणीचं शेत आहे. सोयाबीन पिवळं पडलं होतं, काही ठिकाणी कापणी सुरू होती, आणि त्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या. जुई बांधावर उभी राहून नुसती ऐकत होती. बहिणीनं शेण दिलं, ते मी घरून नेलेल्या मिठाईच्या डब्यात भरलं, वर पोलिथिन, वर दोरी. माझ्या हातचा डबा, गळला नाही. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कहाँ की मिठाई है माँजी? मी म्हटलं, सांवेर की, एकदम ताज़ी। जुईनं खिडकीबाहेर तोंड काढलं ते थेट इंदूरच्या वेशीवरच्या अरबिंदोच्या नाक्यापर्यंत आत घेतलं नाही. पुण्याहून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

सातमला सातिया घातला, आठमला फूल. जुई फोटो काढायची, मान हलवायची, फोनमधून पुसून टाकायची. माझा हात दोन-तीन वर्षांपासून थरथरतो. चहाची बशी वाजते. मी कुणाला बोलत नाही आणि घरातले मला कपबशीऐवजी स्टीलचा पेला देतात. पण ओलं शेण हाताखाली आलं की बोटांना जुनं आठवतं. म्हणून मी घालत राहिले.

नवमीला नव्या पुठ्ठ्यावर डोकरा-डोकरी. डोकऱ्याला पागोटं, हातात काठी. डोकरी ठेंगणी, पदर घेतलेली. डोकऱ्याच्या पागोट्याला गुलबासची गर्द फुलं, डोकरीला पांढरी तगर आणि पदराच्या काठाला गुलबास. डोकरीचा हात करताना माझं बोट थरथरलं आणि शेणाचा ओघळ डोकऱ्यापर्यंत गेला. मी म्हटलं, असू दे, उद्या खरवडायचंच आहे. जुईनं अंधार पडता पडता फोननं एक फोटो घेतला, हललेला, आणि गंमत म्हणून पिंकीला पाठवून दिला. आमची आजी काय करते बघ, एवढंच लिहून.

दशमीला मी पहाटे उठले. श्राद्ध होतं. पुठ्ठा बैठकीत टेकवला होता, तिथेच पानं मांडायची होती. एरवी आदल्या दिवसाचं चित्र संध्याकाळी निघतं, त्या दिवशी मी सकाळीच कालथ्यानं खरवडलं, टोपलीत टाकलं, फरशी पुसली, आणि खिरीला दूध ठेवलं.

आठ वाजता जुई फोन घेऊन धावत आली. पिंकीचा निरोप होता. हेच. हुबेहूब हेच. मोठा, स्वच्छ फोटो पाठव.

मी कालथा धुऊन पालथा घातला होता.

तिनं टोपलीत पाहिलं. शेणाच्या खपल्या आणि कोमेजलेली फुलं. तिनं त्या हातात घेऊन जुळवायचा प्रयत्न केला, जसं फुटलेलं ताट जुळवतात. मग खाली बसली. मला एक शब्द बोलली नाही. माझ्यासमोर टोपली ठेवली आणि निघून गेली. तेव्हा मला कळलं की ही आजोबांवर गेली आहे.

श्राद्ध उरकलं. कावळा लगेच शिवला, जेवणाच्या बाबतीत जुईच्या आजोबांनी कधी वाट पाहिली नाही. दुपारी मी नवा पुठ्ठा घेतला आणि पुन्हा डोकरा-डोकरी घालायला बसले. नवमीचं दशमीला घालत नाहीत. मी घातलं. संजाला माझ्याशी भांडायचं असेल तर भांडेल, मी कुठे पळून जाते. तीनदा घातलं. तिन्ही चांगले आले, आणि तीच अडचण होती. शाळेच्या भिंतीवर काढतात तसे सरळ, देखणे, एकमेकांना न ओळखणारे. जुईनं तिन्हीचे फोटो पाठवले. पिंकीनं उत्तर दिलं, नहीं यार, वो वाला।

"आजी, तू थांब आता," जुई म्हणाली. "हात बघ किती थरथरतोय तुझा."

आमच्या घरात हे पहिल्यांदा कुणीतरी तोंडानं म्हटलं. मी हात पदराखाली घेतला. ती पुढे म्हणाली, मी मुंबईला कळवते की होत नाही, आणि पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन करते. आवाजात काही नव्हतं. लहानपणी पडली की उठून म्हणायची, लागलं नाही. तोच आवाज.

मी आवरायला लागले. खरवडलेला जुना पुठ्ठा ओलाव्यानं वाकला होता, होडीसारखा. चांगला पुठ्ठा फेकायचा नाही ही माझी सवय. तो पालथा घातला आणि वर पाटा ठेवला. वाकलेल्याला वजन द्यावं लागतं, रात्रभर, आणि घाईनं उघडून बघायचं नसतं. नव्या मुलांना हेच जमत नाही.

एकादशीला सकाळी पाटा उचलला. पुठ्ठा सपाट झाला होता, वाळला होता. आणि त्यावर ते दोघं होते.

शेण निघून गेलं होतं, पण त्याचा डाग पुठ्ठ्यानं धरला होता. हिरवट, मातकट, कडेला गडद आणि मध्ये फिका. गुलबासची फुलं होती तिथे तिचा रंग उतरून गुलाबी ठिपके झाले होते. तगरीची जागा कोरी. डोकऱ्याचं पागोटं, डोकरीचा पदर, आणि मधला तो ओघळ, सगळ्यात स्पष्ट. रोज नवं घालताना आम्ही हे पाहिलंच नव्हतं कधी. भिंतीवर डागावर डाग पडत जातात, एकट्या दिवसाचा डाग कुणाला दिसणार.

मी जुईला हाक मारली. ती आली, पुठ्ठ्यासमोर उकिडवी बसली. मग माझा हात पदराखालून बाहेर काढून आपल्या गालाला लावला. हाताला शेणाचा वास येत होता, तिला चाललं.

पुढचे दोन दिवस आम्ही काम केलं. तिनं त्या डागाचा फोटो काढून राजवाड्याजवळच्या छापखान्यात राखाडी कागदावर छापून आणला. वर नाव नाही, चेहरा नाही, काही नाही. नाव झाकणाच्या आतल्या बाजूला. डबा मी केला. कोपरे चिकटवताना हात थरथरला की ती पलीकडून बोट दाबून धरायची. मी कधी कुणाला खळीला हात लावू दिला नव्हता. तिला मैद्यात गाठी ठेवू नको म्हणून चारदा बोलले, तिनं पाचव्यांदाही ठेवल्या. डब्यात काय वाजवायचं यावर आमचं भांडण झालं. ती म्हणाली, घुंगरू. मी म्हटलं, बैलगाडी आहे का. मग मीच घरामागे जाऊन गुलबासचं बी गोळा केलं, काळं, मिऱ्याएवढं, आणि कागदाच्या पुडीत सैल भरलं.

तेरसला, म्हणजे त्रयोदशीला, पिंकी घरी आली. मी समजत होते खूप मेकअप असेल. साधी मुलगी, दमलेली, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत आली. सुनेनं पोहे केले, ते तिनं दोनदा घेतले. जुईनं डबा तिच्या हातात दिला आणि उभी राहिली. बसेना.

पिंकीनं डबा उघडला नाही. वरचा डाग पाहिला, मग डबा कानाशी नेला आणि हलवला. तिलाही कुणीतरी तो खेळ शिकवला असणार.

"काली मिर्च?" ती म्हणाली.

"हरलीस," मी म्हटलं.

तिनं उघडून बी पाहिलं. घरी अंगणात गुलतेवडी होती म्हणाली, इकडे गुलबासला तेच म्हणतात. नव्या मालकानं तिथे फरशी घातली. एवढं बोलून तिनं झाकण लावलं. मग कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो चेहरा कुठे आहे विचारत होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पिंकी म्हणाली, चेहरा तो फ़ोन में है भिया, घर तो यहाँ है। आणि फोन ठेवला. तेव्हा कुठे जुई खाली बसली.

जाताना पिंकीनं ओघळावर बोट ठेवलं. विचारलं, दादीजी, आपने इनका हाथ पकड़वाया है ना?

मी खरं सांगितलं. हात थरथरला आणि ओघळ गेला. आम्ही चाळीस वर्षं समोरासमोर बसलो, हात धरायला हात रिकामे कुठे होते. जुईनं मला डोळ्यांनी दटावलं, असं बोलू नये म्हणून. पण विचारल्यावर खोटं कशाला बोलायचं.

तीनशे डबे एका छोट्या कारखान्यात झाले. पहिल्या खेपेला त्यांनी पुठ्ठा उलट्या बाजूनं कापला आणि सगळी झाकणं वर उचलली गेली. मालक म्हणाला, माँजी, इतना तो चलेगा। मी डबा त्याच्यासमोर ठेवला आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसले. त्यानं सगळे पुन्हा केले. ही युक्ती चांगली आहे, आधी शिकायला हवी होती.

जुई आता मुंबईत असते. तिच्याकडे कामं येतात. आईबापांना नोकरीचं तिनं नंतर सांगितलं, ते दोन दिवस फुगले आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना डबा दाखवायला निघाले. माझ्याकडे एक डबा आहे, त्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या ठेवते. हलवला की किती उरल्या ते कळतं. गाणी मी ऐकली, त्यातली दोन बरी आहेत. कुठल्या कुठल्या गावांतून लोक फोटो पाठवतात म्हणे, बाल्कनीत, तेलाच्या डब्यात उगवलेल्या गुलबासचे. जुई ते मला फोनवर दाखवते. फुलं चारलाच उमलतात का, मी विचारते. तिला माहीत नसतं.

यंदा तिला येता आलं नाही. सांवेरहून बहिणीनं शेण पाठवलं. मी पौर्णिमेपासून रोज संजा घालते आहे, एकटीच, रोज नव्या पुठ्ठ्यावर. सून आता फुलं तोडून आणून देते आणि झुडपाचं नाव काढत नाही. काल नवमी झाली. जुईचा फोन आला, आजी, खरवडण्याआधी फोटो काढून ठेव. मी म्हटलं, खरवडणार आणि पाटा ठेवणार, तुला डाग हवा असेल तर एकादशीला फोन कर.

आज दशमी. पहाटे खरवडून झालं, पुठ्ठ्यावर पाटा आहे, खीर गॅसवर आहे. एकादशीला काय दिसेल ते मला आजच माहीत आहे. नवीन गोळीनं काल हात बरा होता, दोन्ही आकृती सरळ आल्या होत्या, ओघळ गेला नसता. मी बोट मुद्दाम डोकऱ्याकडे नेलं.